एका महिन्याच्या आवडीनिवडी : रमजानच्या मुंबईचा छोटा इतिहास

रमजानचा चाँद दिसला की मुंबईतल्या वर्तमानपत्रांना आणि वाहिन्यांना मोहम्मद अली रोडची आठवण होते. मिनारा मशिदीच्या गल्लीत कॅमेरे येतात, शिगेवरच्या कबाबाचा धूर टिपतात, मालपुव्याच्या कढईपाशी घुटमळतात आणि दुसऱ्या दिवशी 'रमजानमध्ये काय खाल, काय घ्याल' अशी यादी छापून येते. त्यात वाईट काही नाही. कोणी प्रेमाने आपल्या मोहल्ल्यात येत असेल तर दस्तरखान पसरायचा, हीच आपली रीत. पण त्या यादीत वस्तू असतात, वस्तूंचा प्रवास नसतो. वाचणाऱ्याला वाटते, हे सारे कुठल्या तरी परक्या मुलखातून जसेच्या तसे उचलून इथे मांडले आहे. गंमत अशी की आपल्यातल्याही पुष्कळांना आता तसेच वाटू लागले आहे. तरुण मंडळी 'रमजान'चे 'रमदान' करतात, कन्नोजच्या अत्तराची शीशी बाजूला सारून अरबी ऊद मागतात आणि आजीच्या हातच्या पदार्थांकडे बघून 'हे आपले की इथले?' असा सवाल करतात. जणू 'आपले' आणि 'इथले' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून आम्ही ठरवले, आपणही एक यादी करावी. या एका महिन्यात आम्हांला मनापासून आवडणाऱ्या गोष्टींची : खुशबू, सुरमा-मेंदी, टोपी, खाणेपिणे आणि रात्रीचे शहर. फक्त प्रत्येकीला एक प्रश्न विचारावा, की बाई, तू इथे आलीस कशी?

प्रथम रस्ताच घेऊ, कारण बाकी सगळे त्याच्यावरच मांडलेले असते. मोहल्ला जुना आहे, रस्ता त्या मानाने नवा. क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद १८०२ साली पूर्ण झाली. एका जुन्या तलावावर ती उभी आहे आणि तो तलाव आजही मशिदीच्या पोटात हौद म्हणून आहे. तिचा कारभार कोकणी मुसलमानांच्या जमातीकडे. नाखुदा, जहाजमालक, व्यापारी अशी ही मंडळी. रोगे घराण्यासारखी त्यांतली काही शहरातल्या बड्या असामींत गणली जात. ज्यांच्या घरात मराठी-कोकणी बोली बोलली जाई, त्यांनी या शहराची जुम्म्याची मशीद सांभाळली, ही गोष्ट आपण वारंवार विसरतो.

मुंबईत पहिल्यांदा रस्त्यावर गॅसचे दिवे लागले ते १८६५ साली, आणि त्या पहिल्या मोजक्या रस्त्यांत भेंडी बाजार होता. 'भेंडी बाजार' हे नाव भेंडीच्या झाडांवरून पडले असे एक मत. क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा म्हणून साहेबाने 'बिहाइंड द बाजार' म्हटले आणि आपण त्याची भेंडी केली, असे दुसरे. पण मार्केट उभे राहिले १८६९ साली, आणि भेंडी बाजार हे नाव त्याआधीही होते. तेव्हा आमचा कौल झाडांना. पुढे १८९६ साली मांडवीत प्लेग निघाला, दाट वस्तीचा सरकारने धसका घेतला आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने वस्त्या फोडून रुंद रस्ते काढले. मोहम्मद अली रोड त्याच मालिकेतला. नंतर वीज आली, १९०७ पासून विजेच्या ट्राम धावू लागल्या. आज ज्याला आपण रमजानचा 'पुरातन' रात्रबाजार म्हणतो, तो असा दिव्यांचा, रुंद रस्त्यांचा, गिरण्या-गोदीच्या शहराचा बाजार आहे. मुलूख सोडून एकटे आलेले हजारो मजूर, कारागीर, खलाशी इथे राहत. त्यांना घरची चूल नव्हती. त्यांचा रोजा मशिदीत सुटे आणि पोट हॉटेलात भरे. भेंडी बाजारातले नूर मोहम्मदी हॉटेल १९२३ सालचे. मंद आचेवर रात्रभर शिजणारी नल्ली-निहारी हे पहाटे कामाला जाणाऱ्या माणसाचे खाणे होते, हे नवाबी थाटाच्या वर्णनात हरवून जाते.

आता खुशबू. रमजानमध्ये, विशेषतः जुम्म्याला, अत्तरवाल्याच्या पेटीतल्या बारीक शीश्या पाहत उभे राहणे हा आमचा फार जुना छंद. मनगटावर एक थेंब, कानात कापसाचा फाया. अकबराच्या दरबारात सुगंधाचे स्वतंत्र खाते होते आणि अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त त्यावर एक प्रकरणच लिहिले आहे. गुलाबाच्या अत्तराचा शोध नूरजहाँने लावला असे आपण ऐकत आलो. जहांगीर मात्र आपल्या आठवणींत त्याचे श्रेय नूरजहाँच्या आईला, अस्मत बेगमला, देतो. गुलाबजल करताना वर जमणारा तवंग तिने वेगळा काढला आणि सलिमा सुलतान बेगमने त्याला 'इत्र-ए-जहांगिरी' हे नाव दिले. कन्नोजचे कारागीर आजही तांब्याच्या देगेत फुले शिजवून, बांबूच्या नळीने त्यांची वाफ भपक्यातल्या चंदनाच्या तेलात उतरवतात. पहिल्या पावसाने भिजलेल्या जमिनीचा वास देणारे मिट्टीचे अत्तर याच रीतीने भाजलेल्या मातीपासून निघते. चंदन महाग होत गेले तशी त्याची जागा पुष्कळ ठिकाणी स्वस्त तेलांनी घेतली. हा बदल नाकाला कळतो, खिशालाही कळतो.

आणि ऊद? १९७३ नंतर आखातात तेलाचा पैसा आला, कोकणातल्या गावागावांतून आपली माणसे तिकडे गेली आणि येताना ऊदाच्या शीश्या घेऊन आली. तेव्हापासून ऊद म्हणजे अरबस्तान असे समीकरण बसले. पण अरबस्तानात ऊदाचे झाड उगवत नाही. ते झाड आसामच्या जंगलातले. आसामातल्या होजाईच्या हाजी अजमल अलींनी १९५०च्या दशकात मुंबईत येऊन ऊदाचा व्यापार मांडला, आणि तो पुढे आखातात पसरला. म्हणजे अरबी म्हणून आपण जी खुशबू हौसेने लावतो, ती ब्रह्मपुत्रेच्या काठची, मुंबईच्या बाजारातून गेलेली आणि दुबईहून नवे नाव घेऊन परत आलेली. आम्हांला ती आवडते. फक्त तिच्यासाठी कन्नोजच्या गुलाबाला कमी लेखायचे कारण आम्हांला दिसत नाही.

सुरम्याची गोष्ट जपून सांगावी लागते. हदीसमध्ये 'इस्मद'चा उल्लेख आहे, त्यामुळे सुरमा घालणे कित्येकांना सुन्नत वाटते, आणि सुरमादाणीतली ती बारीक सळई आमच्याही आवडीची आहे. परंतु बाजारात सुरमा म्हणून मिळणाऱ्या भुकटीत बहुधा शिशाचे संयुग असते. शिसे लहान मुलांच्या शरीरात गेले तर मेंदूला आणि रक्ताला अपाय करते, हे आता वैद्यकशास्त्राने निर्विवाद सिद्ध केले आहे. तेव्हा सुरमादाणी कपाटात शोभेला ठेवावी, लेकरांच्या डोळ्यांत रिकामी करू नये. आवड टिकवायची म्हणजे तिच्यातले विषही टिकवायचे असे नाही.

मेंदी मात्र बेधडक आवडावी. चाँदरातीला मोहल्ल्यातल्या ओट्या-ओट्यांवर मुली हात पसरून बसतात. बाजारातली बहुतेक मेंदी राजस्थानातल्या सोजत भागातून येते. पूर्वी पाटा-वरवंट्यावर पाने वाटून तळव्यावर एक गोल टिपका आणि बोटांना टोप्या एवढीच नक्षी असे. प्लास्टिकच्या कोनाने वेलबुट्ट्या आणल्या. झटपट काळा रंग देणारी जी 'काळी मेंदी' मिळते तिच्यात केसांच्या कलपातले रसायन असते आणि त्याने हात भाजल्यासारखे होतात. खऱ्या मेंदीला रात्रभर धीर धरावा लागतो.

पुरुषांच्या साजात टोपी सगळ्यांत बोलकी. जुन्या छायाचित्रांत मुंबईचे मेमन आणि कोकणी शेठ लाल तुर्की टोपीत दिसतात. काळा गोंडा बाजूला लोंबत असतो. १९१९ साली खिलाफत समितीचे मुख्य कार्यालय मुंबईतच होते. भायखळ्याचे खिलाफत हाऊस त्याची साक्ष आहे. ज्या खलिफासाठी इथले हिंदू-मुसलमान गांधीजी आणि अली बंधूंच्या मागे रस्त्यावर उतरले, ती खिलाफत तुर्कांनीच मार्च १९२४ मध्ये बरखास्त केली आणि १९२५ साली कायदा करून तुर्की टोपीवरही बंदी घातली. इस्तंबूलमध्ये ती टोपी गुन्हा ठरली, तरी भेंडी बाजारात ती त्यानंतरही कित्येक वर्षे डोक्यावर मिरवत राहिली. मग काही डोक्यांवर खादीची पांढरी टोपी आली, काहींवर काळी काराकुली. बोहरी भावांची सोनेरी काठाची पांढरी टोपी मात्र घरच्या बायकांच्या क्रोशाच्या सुईतून येते आणि त्यामुळे तिला एक वेगळाच मान आहे. अलीकडे रमजानच्या टपऱ्यांवर बांगलादेशी, इंडोनेशियन, चिनी अशा टोप्यांच्या थप्प्या लागतात. डोक्यावर काय घालावे हे दर पिढीने नव्याने ठरवले. तेव्हा 'मुसलमानी टोपी एकच, ती अमुकच' असे कोणी सांगू लागला, मग तो आपला असो वा परका, त्याला जुना फोटो दाखवावा.

आता इफ्तारीचे ताट. खजूर अर्थातच पहिला. बसऱ्याचा खजूर पालाच्या जहाजांतून मुंबई बंदरात उतरे, त्याला दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला. समोशाचे मूळ इराणातल्या 'संबोसग'मध्ये. इब्न बतूताने चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाच्या दरबारी खाण्याच्या वर्णनात त्याचा उल्लेख केला आहे. तो समोसा खिम्याचा होता. बटाटा त्या वेळी या देशात नव्हताच. तो पोर्तुगीजांच्या काळात समुद्रापलीकडून आला, आणि 'बटाटा' हा आपला मराठी शब्दही पोर्तुगीजच. हिरव्या मिरचीचेही तेच. म्हणजे मोहल्ल्यातला खिम्याचा पट्टी समोसा हा नाक्यावरच्या बटाट्याच्या समोशाचा वडील भाऊ आहे.

मालपुव्याची दिशा उलटी. तो बाहेरून आलेलाच नाही. ऋग्वेदात 'अपूप' नावाचा गोड पदार्थ आहे, आणि मालपुव्यातला 'पुवा' त्याच शब्दाचा वंशज. मंदिरातल्या नैवेद्यात तो आहे, होळीच्या दिवशी उत्तरेतल्या घराघरांत आहे आणि मिनारा मशिदीच्या सावलीत, अंडी घालून, ताटाएवढा मोठा होऊन रमजानचा राजा झाला आहे. तिथले सुलेमान उस्मान मिठाईवाला हे दुकान १९३६ सालचे. मालपुव्याशेजारी मातीच्या कसोऱ्यातली फिरनी, तिचे नाव फारशी. एक वेदातला, एक इराणातली, आणि दोघांचा शेजार इतका जुना की कोणी कोणाला गाव विचारत नाही. बोहरी मोहल्ल्यातल्या ताज आइस्क्रीमचे लोक आपले साल १८८७ सांगतात. लाकडी पिंपात बर्फ-मीठ भरून हाताने फिरवायचा संचा. मुंबईला तो बर्फ प्रथम मिळाला १८३०च्या दशकात, थेट अमेरिकेहून जहाजाने आलेला.

या महिन्याची आणखी एक गंमत आहे. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी मागे सरकत जातो आणि तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २००१ साली तो ऐन थंडीच्या तोंडावर, नोव्हेंबरात लागला होता. तेव्हा पाया आणि निहारीला बहर होता. २०१८ आणि २०१९ साली तो मे महिन्यात लागला. तेव्हा ताटात हापूस होता, पन्हे होते, कोकमाचे सरबत होते. अरबस्तानचा खजूर आणि रत्नागिरीचा हापूस एका ताटात येतात, तेव्हा हा सण कुठला, हे वेगळे सांगावे लागत नाही.

इथे आमच्या यादीतला एक मोठा खड्डा कबूल करून भरला पाहिजे, कारण छापील याद्यांत तो कधीच भरला जात नाही. मोहम्मद अली रोड म्हणजे सगळ्या मराठी मुसलमानांचा रमजान नव्हे. रत्नागिरी-रायगडच्या घरांत तांदळाची भाकरी, घावन, सांदण, नारळाच्या रसातली खीर असते. औरंगाबादकरांना (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) नान-खलियाशिवाय दावत पुरी वाटत नाही. तुघलकाच्या फौजेबरोबर तो दौलताबादेला आला असे तिथे पिढ्यान्पिढ्या सांगतात. मराठवाड्यातल्या काही घरांत सेहरीला खिचडी, खिमा आणि चिंचेचा खट्टा. सोलापूर-मिरजेकडे ज्वारीची भाकरी रोज्यालाही सुटत नाही. या साऱ्यांना जोडणारा पदार्थ शीरखुर्मा. फारशीत शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. नाव इराणचे, पण शेवया आपल्या अंगणातल्या. कालपरवापर्यंत गल्लीतल्या बायका एकत्र बसून हातयंत्रावर शेवया पाडत आणि बाजेवर धोतर पसरून वाळवत. शेजारच्या हिंदू घरातले यंत्र आपल्याकडे येई आणि आपल्याकडचा डबा ईदच्या दिवशी तिकडे जाई. दिवाळीला तो रिकामा परत येत नसे.

आणि हे सगळे करते कोण? रस्त्यावरच्या कढईपाशी पुरुष उभा असतो, म्हणून त्याचा फोटो छापला जातो. घरात सेहरीला सगळ्यांच्या आधी उठणारी, स्वतः रोज्याने असताना चव न घेता मीठ-मसाला अंदाजाने घालणारी, सगळ्यांचा रोजा सुटला की शेवटी बसणारी बाई कुठल्याच यादीत नसते. २०२० सालचा रमजान एप्रिलच्या अखेरीस, टाळेबंदीत आला. मोहम्मद अली रोडच्या कढया थंड होत्या, मशिदी बंद होत्या, तरावीह घरात झाली. तरी रमजान झाला. तो कोणाच्या हातांवर झाला हे त्या महिन्यात सगळ्यांना दिसले. दुकानांची साले आम्ही वर दिली. या बायकांच्या कामाला साल नाही, पाटी नाही.

रस्ता मात्र सदैव मेजवानीचाच होता असेही नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये या शहरात सुमारे नऊशे माणसे मारली गेली. ९ जानेवारी १९९३ रोजी याच रस्त्यावरच्या सुलेमान उस्मान बेकरीत पोलिसांच्या कारवाईत निःशस्त्र माणसांचे जीव गेले. श्रीकृष्ण आयोगाने १९९८च्या अहवालात पोलिसांची हकीकत पटण्याजोगी नसल्याचे नोंदवले. त्यानंतर दीड महिन्याने रमजान लागला, आणि तो चालू असतानाच १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांत २५७ निरपराध जीव गेले. त्या वर्षी मालपुवा तळला गेला असेलही, पण तो कोणाच्या घशाखाली कसा उतरला असेल, हे त्या पिढीला विचारावे. ज्या गल्लीची चव आपण सांगतो, तिच्या जखमाही सांगितल्या पाहिजेत, आणि दोन्ही बाजूंच्या सांगितल्या पाहिजेत.

याच गल्ल्यांतून भेंडी बाजार घराण्याचे गाणे निघाले, हेही या याद्यांत नसते. उत्तर प्रदेशातून आलेले छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे भाऊ इथे राहिले म्हणून घराण्याला बाजाराचे नाव मिळाले. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर नझीर खाँसाहेबांच्या शागीर्द, आणि लता मंगेशकर यांनी अमान अली खाँ भेंडीबाजारवाल्यांकडे धडे घेतले. मुसलमान उस्ताद आणि गोमंतकीय शिष्या यांची ती बैठक याच मोहल्ल्याची देण.

२००२ साली या रस्त्याच्या डोक्यावर सुमारे अडीच किलोमीटरचा उड्डाणपूल झाला. त्याला नाव दिले आहे कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी यांचे. १३७२ ते १४३१ या काळातले हे सुफी विद्वान. कुराणाची अरबीत तफसीर लिहिणारा हा माणूस आपल्या कोकणपट्टीचा, माहीमचा. नाव अगदी योग्य दिले. पण पुलावरून जाणारा दोन-चार मिनिटांत सगळा मोहल्ला ओलांडतो. त्याला वरून मिनार दिसतात, खालची माणसे दिसत नाहीत. २००९ साली भेंडी बाजाराच्या साडेसोळा एकरांतल्या सुमारे अडीचशे जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची योजना सुरू झाली. तिची गरज होती. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी तिथली हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा जुन्या चाळींचे गोडवे गाणे आम्हांला शोभत नाही. योजनेतल्या काही नव्या इमारती उभ्याही राहिल्या आहेत. माणसांना पक्के घर, लिफ्ट, नळाचे पाणी मिळावेच. काळजी एवढीच की ओटा गेला तर चाँदरातीची मेंदी कुठे बसेल, पाटी बदलली तर अत्तरवाल्याच्या पेटीचा इतिहास कोण सांगेल.

इमारतींचा आराखडा सरकारदरबारी राहतो, आवडींचा राहत नाही. तो आपणच ठेवायचा. घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारावे, तुमच्या माहेरी इफ्तारीला काय असे, मेंदी कुठून येई, ईदचे कपडे कोण शिवे, शेवयांचे यंत्र कोणाचे होते. वहीत लिहून ठेवावे, सालासकट, गावासकट, मराठीत. कोणी आपल्याला 'तुमचे सगळे बाहेरचे' असे सुनावले, किंवा आपल्याच माणसाने 'हे इथले, म्हणून अशुद्ध' असा फतवा काढला, तर त्या दोघांसमोरही तीच वही उघडून ठेवता येईल. त्या वहीत आसामचा ऊद असेल, सोजतची मेंदी असेल, बसऱ्याचा खजूर असेल, वेदातला पुवा असेल आणि शेजारणीचे शेवयांचे यंत्र असेल. यातले एकही पान फाडले तर उरलेला रमजान आपल्या ओळखीचा राहणार नाही.